भाकरी पोटभर आहे, पण तिच्यासोबत काय आहे?

मुळामुठा (धागाकर्ता)

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास हाती घेतला. मूल होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रियांची नोंद ठेवायची, दिवस गेले की त्या काय खातात, किती खातात आणि किती राबतात हे मोजायचे, आणि बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर अशी सगळी मापे घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. या स्त्रियांचे गरोदर होण्यापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते आणि बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. ज्या बाईच्या पोटात जास्त उष्मांक आणि जास्त प्रथिने जातात तिचे बाळ अधिक भरलेले असणार, असेच कोणीही धरून चालेल. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मात्र उष्मांकांचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो आई हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाते याच्याशी.

हा निष्कर्ष येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि तरीही कुपोषणाचा विषय निघाला की आपली चर्चा धान्याच्या पोत्यांपाशीच थांबते, हे मला खटकते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने देशातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येला माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत मिळते. ही लहान गोष्ट नाही; धान्य नसते तर काय झाले असते याची कल्पना करायला दुष्काळाच्या आठवणी असलेली पिढी अजून आपल्यात आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी होती. लुकडेपणाचा देशाचा आकडा १९.३ आहे, म्हणजे तुलनेने सधन म्हणवणारे आपले राज्य इथे देशाच्याही मागे आहे. मुलांमधल्या रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीतल्या ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ वर गेले. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेसा विविध आहार मिळणारी बाळे देशभरात अवघी ११.३ टक्के निघाली.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत, तर तृणधान्य फक्त २५० ग्रॅम आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत हे प्रमाण नेमके उलटे असते. भाकरी-भाताचा ढीग आणि त्यावर रस्सा, आणि त्या रश्श्यात फोडी शोधाव्या लागतात.

माझे म्हणणे असे की आपल्याकडचे कुपोषण आता मुख्यतः ताटाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे आहे, मधल्या भाताचे नाही. हे खरे असेल तर भाजी ताटात का येत नाही, हा प्रश्न उरतो. महागाई, अज्ञान, सवय, बाजार, की आणखी काही? ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

जव्हारची_ताई

धागा वाचला. मी पालघर जिल्ह्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून काम करते, त्यामुळे माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटात, जे दिसते तेवढेच लिहिते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालमृत्यू झाले तेव्हापासून आमच्या भागात योजना, पाहणी दौरे आणि समित्या यांची कधीच कमतरता राहिलेली नाही.

अज्ञान हा शब्द कृपया जपून वापरावा. आमच्याकडची वारली किंवा कातकरी बाई पहिल्या पावसानंतर रानात गेली तर शेवळ, कोळीची भाजी, टाकळा, भारंगी, कुर्डू, करटुली असे काहीबाही खांद्यावरच्या फडक्यात बांधून आणते. शेवळ घशाला खाजते म्हणून त्यासोबत काकडाची फळे घालायची असतात, हे तिला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवावे लागत नाही. आषाढ ते भाद्रपद या काळात तिच्या घरची भाजी मुंबईच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरापेक्षा विविध असते. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली अशी की नेमक्या याच दिवसांत घरातले भात-नाचणी संपत आलेले असते, लावणीचे काम अंगावर असते आणि मूल जुलाब-तापाने आजारी असते. म्हणजे भाजी असते तेव्हा बाकीचे ताट रिकामे असते. दुसरी अशी की दिवाळीनंतर अर्धे गाव भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. तिथे रान नाही, परस नाही, आठवड्याच्या खर्चीतून तांदूळ, तेल, मिरची, सुका जवळा आणि बटाटे येतात. होळीला माणसे परत येतात तेव्हा दंडघेराची पट्टी लावली की ज्या मुलाला आम्ही दिवाळीपूर्वी बरे करून पाठवले होते ते पुन्हा सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या गटात, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेले असते.

गरोदरपणातल्या समजुतींबद्दलही थोडे लिहिते. पपई उष्ण, केळे थंड, पालेभाजीने बाळंतिणीचे पोट बिघडते, असे आजही ऐकू येते. पण त्यापेक्षा खोल समजूत अशी की जास्त खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते. रात्री-अपरात्री जीप मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या पाड्यावर ही समजूत मला मूर्खपणाची वाटत नाही. रस्ता आणि शस्त्रक्रियेची सोय झाल्याशिवाय ती नुसत्या उपदेशाने जाणारही नाही.

२०१५ पासून आदिवासी भागात डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. त्यात भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडे, शेंगदाण्याचा लाडू असे पदार्थ ठरवून दिलेले आहेत, आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे मिळते. ही योजना मला मनापासून आवडते, कारण बाई अंगणवाडीत बसून जेवते. घरी दिलेले पाकीट सगळ्यांत वाटले जाते, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारी कोण असते हे इथे सांगायची गरज नाही.

द्राक्षबाग

ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे, द्राक्षे आणि टोमॅटो लावतो. धागाकर्त्यांनी भाजी ताटात का येत नाही असे विचारले आहे, तर त्याच प्रश्नाची बाजाराकडची बाजू मांडतो.

मे २०२३ मध्ये आमच्याकडे टोमॅटोची वीस किलोची जाळी इतक्या मातीमोल भावाने गेली की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नव्हते. शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील. त्याच वर्षी जुलैमध्ये तोच टोमॅटो शहरांत किलोला शंभराच्या वर गेला आणि केंद्र सरकारला तो सवलतीने विकावा लागला. दोन महिन्यांच्या अंतराने शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघेही भाजीपासून तुटले. गव्हा-तांदळाच्या बाबतीत असे होत नाही, कारण त्याला हमीभाव आहे, सरकारी खरेदी आहे आणि गोदाम आहे. भाजीला यांतले काहीच नाही, आणि ती चार दिवसांत सडते. सरकारने साठ वर्षे जे पिकवायला उत्तेजन दिले ते आम्ही पिकवले, आणि जे सरकारला साठवता आले तेच गरिबाच्या पिशवीत गेले. यात कोणाची वाईट बुद्धी होती असे मी म्हणणार नाही. हरितक्रांतीच्या काळात पोटाचा प्रश्न होता आणि तो सुटला. पण आहाराची घडी त्याच वेळी बसली ती आजवर मोडली नाही.

आणखी एक गोष्ट शहरी वाचकांना नवी वाटेल. बागायती शेतकऱ्याच्या घरीही भाजी विविध नसते. आजीच्या काळात बांधावर तूर, अंबाडी, घोळ, चिवळ, तांदुळजा आपोआप असायचा. तणनाशक आल्यापासून यातल्या निम्म्या गोष्टी तण म्हणून जळतात. सात एकर बाग असलेला माणूस आठवडे बाजारातून मेथीची जुडी विकत आणतो, आणि बाजार चुकला की आठवडाभर बटाटा आणि डाळ. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी देशी बियाण्यांचे कौतुक केले. त्यांच्या परसबागेत भाज्यांची किती वाणे आहेत हे पाहायला लोक बसने जातात आणि घरी येऊन पुन्हा तेच तणनाशक मारतात. मी स्वतःही मारतो, कारण निंदणीला माणूस मिळत नाही.

आकडेमोड

धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच दिलेल्या अभ्यासाबद्दल एक शंका आहे. ज्या घरात पालेभाजी, फळे आणि दूध वारंवार येते ते घर मुळात थोडे बऱ्या स्थितीतले असते. तिथली बाई कदाचित कमी राबते, तिचे शिक्षण जास्त असते, तिला आजार कमी होतात. मग बाळाचे वजन भाजीमुळे वाढले की भाजी ज्या घरात येते त्या घरामुळे, हे कसे ठरवणार? संशोधकांनी अशा घटकांची सांख्यिकी वजावट केली असणार हे मान्य आहे, पण अशा वजावटीने सगळेच निघून जाते असे नाही. खरी परीक्षा एकच. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकाला भाजी द्यावी, दुसऱ्याला देऊ नये, आणि पाहावे. तसे कोणी केले आहे का?

सकस

आकडेमोड, आपली शंका रास्त आहे आणि तशी परीक्षा झालेली आहे, तीही मुंबईतच. मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरस नावाचा हा प्रकल्प डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांत सुरू केला. साडेसहा हजार स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला रोज हिरवा पाला, फळे आणि दूध घातलेला, तळलेला किंवा भाजलेला खाऊ मिळे. दुसऱ्या गटाला दिसायला तसाच, पण बटाटा-कांद्यासारख्या कमी सूक्ष्मपोषक भाज्यांचा. खाऊ केंद्रावर बसून, कोणाच्या तरी नजरेसमोर खायचा होता. वैशिष्ट्य असे की ही सुरुवात दिवस राहण्यापूर्वीच झाली आणि बाळंतपणापर्यंत चालली. निकाल २०१४ मध्ये आला, आणि सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर दोन्ही गटांतल्या बाळांच्या वजनात खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. ही गोष्ट आधी स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण उत्साही मंडळी ती गाळून पुढचेच सांगतात.

पुढचे असे की ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त होते. आणि ज्या स्त्रिया मुळात अगदी लुकड्या होत्या त्यांच्या बाळांना काही फायदा झाला नाही. जसजसे आईचे स्वतःचे वजन उंचीच्या मानाने चांगले, तसतसा फायदा वाढत गेला आणि वरच्या गटात तो शंभर ग्रॅमच्या जवळ पोहोचला. याचा मला लागलेला अर्थ असा की जिच्या शरीरात मुळात इंधनच कमी आहे ती बाई भाजीतून आलेल्या जीवनसत्त्वांचे बाळासाठी काही करू शकत नाही. म्हणून धागाकर्त्यांचे "मधल्या भाताचा प्रश्न नाही" हे विधान सर्वांना लागू पडत नाही. जव्हारच्या ताईंनी श्रावणात भाजी असते आणि भात संपलेला असतो असे लिहिले, त्याचा धागा थेट इथे जुळतो.

याच प्रकल्पात आणखी एक गोष्ट हाती लागली, जिचा मूळ हेतूशी संबंध नव्हता. बटाट्याच्या गटात गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्के स्त्रियांना झाला आणि हिरव्या पाल्याच्या गटात ७.३ टक्के. लहान बाळ आणि मोठेपणीचा मधुमेह हे एकाच कमतरतेचे दोन टोके आहेत, असे याज्ञिक यांचा गट अनेक वर्षे सांगत आला आहे. पुण्याकडची बाळे इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने लहान आणि हडकुळी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते.

आता भाजीविषयी व्यवसायातला एक इशारा. भाजी खाल्ली म्हणजे त्यातले सगळे अंगी लागले असे होत नाही. पालेभाजीतले लोह फार थोडे शोषले जाते; सोबत लिंबू, आवळा, पेरू असे क जीवनसत्त्वाचे काही असले तर ते वाढते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते घटते. आपल्याकडे शेतावरच्या दुपारच्या भाकरीनंतर चहा हा जवळजवळ नियम आहे. पाल्यातल्या आणि गाजरातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, पण त्यासाठी तेल-तूप हवे, आणि तरीही साधारण बारा भागांतून एकच भाग हाती लागतो. बी-१२ तर भाजीत नसतेच. पुण्याच्या त्याच सहा गावांत जवळजवळ दोन तृतीयांश गर्भवती स्त्रियांत बी-१२ कमी होते. ज्या मातांमध्ये फोलेट (पालेभाजीतून मिळणारे एक ब जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून भाजीच्या बाजूने बोलताना दूध, ताक, अंडी, सुकट यांना बाजूला सारून चालणार नाही. पुण्याच्या अभ्यासाच्या निष्कर्षात तीन नावे होती: पाला, फळ आणि दूध. तिसरे नाव आपण सोयीने विसरतो.

शक्य तिथे धान्यच सुधारावे हाही एक मार्ग आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले धनशक्ती हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रातच प्रथम प्रसारित झाले. शाळकरी वयाच्या मुलामुलींना सहा महिने त्या बाजरीची भाकरी दिल्यावर त्यांच्यातली लोहाची कमतरता साध्या बाजरीच्या गटापेक्षा लवकर भरून निघाली. ज्या घरात भाजी येणारच नाही तिथे भाकरीतूनच काही पोहोचवता आले तर मला त्यात कमीपणा वाटत नाही.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. आमचा जिल्हा राज्यातल्या सर्वाधिक कुपोषित जिल्ह्यांत मोजला जातो, हे सर्वांना माहीत आहे. त्याच जिल्ह्यातले शहादा आणि तळोदा हे तालुके पपई आणि केळीसाठी प्रसिद्ध आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. पपईचे ट्रक उत्तर भारतात जातात, आणि तिथून डोंगर चढून गेले की धडगाव आणि अक्कलकुवा लागतात, जिथे माझ्या वर्गातल्या मुलांच्या डब्यात फळ दिसत नाही.

आमच्याकडे आंब्याची झाडे भरपूर आहेत, प्रत्येक घराची आहेत. पण आंबा पिकायची वाट कोणी पाहत नाही. वैशाखात कैऱ्या उतरवायच्या, घरातल्या सगळ्यांनी, लहान मुलांनीसुद्धा, दारात बसून त्या सोलायच्या आणि कापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि आमचूर म्हणून धडगावच्या बाजारात व्यापाऱ्याला घालायचे. सोलून-सोलून मुलांची बोटे काळी पडलेली असतात. त्या पैशातून बियाणे येते, खत येते, लग्नाचे कर्ज फिटते. ते पैसे गरजेचे आहेत, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. पण पिकलेल्या आंब्यातले अ जीवनसत्त्व ज्या मुलाला हवे होते त्याच्या तोंडात ते जात नाही, एवढे नक्की.

बाजारातून परत येताना मुलासाठी पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट येते. आमच्या पाड्यावरच्या दुकानात भाजी नसते, ही पाकिटे मात्र दोरीला माळेसारखी लटकलेली असतात, कारण ती सडत नाहीत, उंदराने फोडली नाही तर वर्षभर टिकतात. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या एकूण खर्चातले ९.६ टक्के पेये आणि तयार पदार्थांवर जातात, भाज्यांवर ५.४ आणि फळांवर ३.७, असे आले. म्हणजे पैसा अगदीच नाही असे नव्हे. विकणारा कोणता माल दारापर्यंत आणतो, हा यातला मोठा भाग आहे.

भाजीमंडई

अंड्याचा उल्लेख आला म्हणून आठवण करून देतो. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडले. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते. दोन्ही राज्यांच्या तिजोऱ्यांत एवढा फरक आहे का?

कंपालाकर

नोकरीमुळे युगांडात राहतो. इथली एक हकीकत या चर्चेला पूरक ठरेल असे वाटते.

इथे रताळे हे रोजचे अन्न आहे, आपल्यासारखे एकादशीपुरते नाही. पण लोकांच्या आवडीचे रताळे आतून पांढरे किंवा फिकट पिवळे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे असते. आतून नारिंगी असलेली वाणे आणून ती लोकांच्या शेतात आणि तोंडात रुजवण्याचे काम २००७ ते २००९ या काळात युगांडा आणि मोझांबिक मिळून सुमारे चोवीस हजार घरांत केले गेले. मुलांच्या आणि स्त्रियांच्या पोटात जाणारे अ जीवनसत्त्व त्यामुळे खरोखर वाढले, आणि या कामासाठी मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बूइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लोकांनी नवे रताळे स्वीकारले कारण ते त्यांच्याच ताटातल्या एका पदार्थाच्या जागी बसले. नवी भाजी खायला सांगितली असती तर इतके यश आले असते असे मला वाटत नाही.

अडचणही तशीच खरी आहे. रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते आणि कोरड्या महिन्यांत वेल वाळून जातात. पाऊस सुरू होतो तेव्हा लावायला वेलच नसतात आणि शेतकरी पुन्हा शेजाऱ्याचे पांढरे रताळे लावतो. त्यावर इथे कोरड्या वाळूत रताळी साठवून, पावसाच्या सहा-आठ आठवडे आधी ती मातीत लावून, पाणी घालून कोंब काढायची पद्धत शिकवतात. भारतात तिरुवनंतपुरमच्या कंद पिके संशोधन संस्थेने भू सोना हे नारिंगी वाण दिलेले आहे. सातपुडा यांच्या डोंगरात किंवा पालघरमध्ये ते कोणी लावून पाहिले आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मुळामुठा (धागाकर्ता)

सकस यांची दुरुस्ती पटली आणि आवश्यकही होती. सर्वांत लुकड्या स्त्रियांसाठी भात आणि भाजी हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातल्या २८० कोटी लोकांना पोषक आहार परवडत नव्हता. पोटभर अन्न आणि पोषक अन्न यांच्या किमतींतली ही दरी आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी फळे, भाज्या आणि दूध-अंड्यांच्या किमतीमुळेच आहे.

रानभाज्यांबद्दल एक भीती बोलून दाखवतो. ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो आणि शहरी लोक कौतुकाने करटुली चढ्या भावाने घेतात. गोळा करणाऱ्या बाईला पैसे मिळतात, हे चांगलेच. पण आमचूरसारखेच इथेही व्हायला नको, की जी भाजी तिच्या मुलाच्या ताटात फुकट पडत होती ती ठाण्या-पुण्याच्या ताटात गेली आणि तिच्या घरी त्या पैशाचे बटाटे आले.

द्राक्षबाग यांना एक प्रश्न आहे. शाळा आणि अंगणवाड्या हे कायमचे गिऱ्हाईक आहे. गावातल्या किंवा तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून ठरलेल्या भावाने वर्षभर भाजी घेतली तर दोन्ही टोके जुळणार नाहीत का?

द्राक्षबाग

कागदावर जुळतात. पण प्राथमिक शाळेत एका मुलामागे दिवसाला भाजी पन्नास ग्रॅम ठरलेली आहे, आणि डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण या सगळ्यांसाठी मे २०२५ पासूनचा दर ६ रुपये ७८ पैसे आहे. साठ मुलांच्या शाळेला रोज तीन किलो भाजी लागते. तीन किलोसाठी माझी गाडी निघत नाही. वीस शाळा एका रस्त्यावर असतील, भाव हंगामाच्या सुरुवातीला ठरेल आणि पैसे पंधरा दिवसांत येतील, तर मीच काय, आमच्या गटातले चारजण तयार होतील. एका सरकारी खरेदीला आम्ही माल दिला होता तेव्हा बिल पुढच्या हंगामात निघाले. दर मिळण्यापेक्षा वेळेवर पैसे मिळणे शेतकऱ्याला जास्त मोलाचे असते, हे ठरवणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

जव्हारची_ताई

दादांचे बिलाबद्दलचे म्हणणे आमच्या बचतगटांच्या बायका शब्दशः सांगतील. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या आहाराला २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये दर ठरला होता, आणि तो हातात येईपर्यंत किराणा दुकानात उधारी झालेली असते. उधारीवर डाळ-तांदूळ मिळतात, भाजीवाला उधार देत नाही. म्हणून पैसे अडकले की ताटातून सर्वांत आधी जाते ती भाजी. गटाला दोन महिन्यांची रक्कम आगाऊ दिली तर एवढ्याच दरात भाजीचे दिवस वाढतील, हे मी माझ्या बीटपुरते खात्रीने सांगू शकते.

दुसरे असे की पाड्यावर फ्रीज नाही आणि बाजार आठवड्यातून एकदा, हे गृहीत धरूनच भाजी ठरवायला हवी. पालेभाजी बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. नंतर लाल भोपळा, सुरण, रताळे, जे आठवडाभर राहते. लाल भोपळा मुलांना गोड लागतो, त्यात कॅरोटीनही असते, आणि छपरावर वेल चढवला की विकत घ्यावा लागत नाही. कंपालाकर यांनी सांगितलेले नारिंगी रताळे मिळाले तर मी दोन-तीन अंगणवाड्यांच्या आवारात नक्की लावून पाहीन.

उन्हाळ्यासाठी आम्ही शेवग्यावर भर देत आहोत, कारण बाकी सगळे वाळते तेव्हाही त्याला पाला असतो, आणि वाळवलेल्या पाल्याची भुकटी डाळीत घातली तर मुले ओरडत नाहीत. फांदी पहिल्या पावसानंतर लावली की लागते. फक्त आवाराला कुंपण नसेल तर शेळ्या ती आठवड्याभरात संपवतात, म्हणून या वर्षी रोपांची मागणी करण्यापूर्वी ग्रामसभेत कुंपणाचा ठराव घ्या, असे मी सर्व सेविकांना कळवले आहे.